हलव्याचे इन्स्पेक्टर

डिसेंबरचा पहिला रविवार आला की आमचे घरमालक स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या पंख्याची पाती उतरवायचे. नुसता पंखा बंद ठेवणं त्यांना पुरायचं नाही. "बटण आहे म्हटल्यावर कुणीतरी ते दाबणारच," असं म्हणत ते तिन्ही पाती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सरकवत. ती परत वर चढायची ती थेट रथसप्तमी झाल्यावर. मधल्या काळात काका संक्रांतीचा हलवा करत, आणि वाऱ्यानं गॅसची मंद आच हलली की हलव्याला काटा धड येत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या मतावर त्या घरात अपील नव्हतं.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. काडतूस हातात घ्यायचं, भिंगातून बघायचं, पास किंवा नापास करायचं. भिंग त्यांचं स्वतःचं होतं म्हणून निवृत्तीनंतर ते घरी आलं, आणि त्याच्यामागून ती नजरही आली. भाजीवालीचे मटार, काकूंची पोळी, शेजाऱ्यांचा आकाशकंदील, कुणाचीच सुटका नव्हती. निकाल ते तोंडी देत नसत. शर्टाच्या खिशात कागदाचे चौकोनी तुकडे असत. त्यावर बारीक, उभ्या अक्षरात लिहायचे: "तपासले. दोष:" आणि पुढे जो सापडला असेल तो. खाली सही.

मी यवतमाळची. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि काकांच्या घराची वरची खोली भाड्यानं बघायला गेले, तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवून वीसेक प्रश्न विचारले. शेवटचा होता, "आपल्याला वाचता येतं का?"

"इंजिनिअर आहे मी, काका."

"ते कागदावर दिसलं. मोठ्यानं वाचता येतं का? न अडखळता?"

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"'का' एवढं पुरतं," काका म्हणाले. "पण आवाज बरा आहे."

दुसऱ्या दिवशी किल्लीबरोबर चिठ्ठी मिळाली: "तपासले. दोष: जिन्यावर चपला वाजतात. स्वीकारले." मी इतकी चिडले की ती फाडून त्यांच्याच दारात टाकणार होते. पुढे पाच वर्षं मी त्या घरात राहिले, माझं लग्न तिथूनच झालं, काकांना जाऊनही आता दोन वर्षं झाली. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

मोठ्यानं वाचायची काय गरज, ते मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. आमच्या कंपनीचं परदेशातलं गिऱ्हाईक नाताळात सुट्टीवर जायचं, त्यामुळे आम्हालाही दहा दिवस घरी बसायला मिळायचं. गावी जायला रेल्वेचं तिकीट मिळालं नाही. मी वर गोधडीत लोळत मोबाईल बघत पडले होते, तर जिन्यातून हाक आली, "आपल्याला सुट्टी आहे असं ऐकलं. खाली या. हात धुऊन या."

खाली स्वयंपाकघरात जाड बुडाची पितळी परात मंद गॅसवर ठेवलेली होती. ही परात त्यांनी कसबा पेठेतल्या एका तांबटाकडून मुद्दाम ठोकून घेतली होती. चार वेळा परत केली, पाचव्या वेळी तांबट म्हणाला, "काका, आता तुम्हीच ठोका, मी तपासतो." परातीत मूठभर तीळ. काका त्यावर अर्धा चमचा साखरेचा पाक सोडायचे आणि बोटांच्या टोकांनी तीळ गोल गोल फिरवायचे. पाक सुकला की परत अर्धा चमचा. असं रोज तीन-तीन तास, चार-पाच दिवस. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे होत. तिसऱ्या दिवशी भिंगातून बघितलं तर एकेका दाण्याला बारीक काटे फुटलेले दिसत. त्याच्यासाठी हवा कोरडी आणि थंड लागते, आणि माणूस जरासा वेडा लागतो.

"हात एकाच जागी फिरत राहिला की डोकं भलतीकडे भटकतं," काकांनी मला समजावलं. "त्याला बसायला जागा द्यावी लागते. म्हणून कुणीतरी वाचायचं."

आणि त्यांनी माझ्या हातात एक पुठ्ठे गेलेली जाड कादंबरी दिली. उत्तरेकडे निघालेलं एक जहाज बर्फात अडकतं, अशी ती गोष्ट. दरवर्षी तेच पुस्तक. मी वाचायची, काका परात फिरवायचे आणि काकू तयार हलवा दोऱ्यात ओवून दागिने करायच्या: मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, नथ. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला आणि बोरन्हाणाला लहान बाळाला घालतात ते. काकू सोलाण्याची आमटी करायला उठल्या की पुस्तक उपडं ठेवून मी ओवायला बसायची. रिकाम्या हातानं त्या स्वयंपाकघरात बसायची सोयच नव्हती. पहिल्या दिवशी मी दाण्यालाच गाठ मारली, तर काकांनी दोरा हातातून काढून घेतला. "गाठ हलव्याच्या शेजारी असते, गळ्याभोवती नाही. फाशी द्यायची नाहीये त्याला."

दारावर त्यांनी पाटी लावली होती: "हलव्याची चौकशी करू नये. थंडी पडली की आम्हाला कळते." तरी लोक यायचेच. आळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला काकांच्या घरचे दागिने जायचे, कुणाकडून ते काही घेत नसत. फक्त त्यांच्या गतीनं घ्यावे लागत. एकदा एक विहीणबाई म्हणाल्या, "एखाद-दुसरा दाणा लहान-मोठा असला तरी चालेल हो, घाई आहे." काका म्हणाले, "मग बाजारात मिळतात तसले घ्या. तिथे सगळंच चालतं." आणि शांतपणे दार लावलं. डब्यावर मात्र दोन दिवसांनी चिठ्ठी लागलीच, "तपासले. दोष: नाही," आणि तो डबा ते स्वतः जाऊन त्या बाईंकडे देऊन आले.

नापास झालेला हलवा एका बरणीत साठायचा आणि ती बरणी माझी. पुण्यात नवीन असताना मला सगळ्यात जवळचं काय वाटायचं असेल तर ती बरणी. घरची आठवण आली की मी खाली जाऊन मूठभर नापास हलवा आणायची.

त्या कादंबरीच्या समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. लहान मुलीच्या अक्षरात, "इथे थांबायचं. बाबांचा चहा." पुढे जरा मोठ्या अक्षरात, "इथे आवाज बारीक करायचा." शेवटची खूण पान दोनशे चौदावर होती, तिथे नुसती तारीख घातली होती. त्या पानावर जहाज बर्फात पक्कं रुतलेलं असतं आणि कप्तान म्हणतो, वाट बघण्याखेरीज काही करता येणार नाही. मी पान उलटायला गेले की काका म्हणायचे, "पुरे. उद्या पहिल्यापासून." मला वाटलं हाही एक विक्षिप्तपणा. खरं काय ते दुपारी काका पडलेले असताना मटार सोलता सोलता काकूंनी सांगितलं.

"आमच्या मुलीच्या खुणा आहेत त्या. शाळेत होती तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत तीच वाचायची यांना. पुढल्या पानांवर जायला मिळायचं नाही, कारण सुट्टी संपायची आणि पुढच्या वर्षी हे परत पहिल्यापासून लावायचे. शेवटच्या वर्षी दोनशे चौदापर्यंत पोचली."

"मग?"

"मग लग्न ठरवलं तिनं. ऑफिसातला मुलगा. घरी बोलावला, चांगला वाटला मला, शांत. यांनी त्याला बावीस प्रश्न विचारले. तो निघून गेल्यावर चिठ्ठी लिहून मुलीच्या हातात दिली. 'तपासले. दोष: घाई. नापास.' सात महिन्यांची ओळख म्हणजे घाई. ती म्हणाली, बाबा, माणूस आहे तो, काडतूस नाही. हे म्हणाले, काडतूस बरं, त्याची चूक आधी दिसते." काकूंनी एक किडका मटार बाजूला काढला. "महिन्याभरात त्यांनी कोर्टात लग्न केलं. मी गेले, हे गेले नाहीत. पहिली संक्रांत आली, साऱ्या आळीच्या सुनांना यांचे दागिने गेले, हिला नाही. तेव्हापासून बोलणं नाही. हिंजवडीतच राहते ती."

मला ते ऐकून काकांचा फार राग आला. ज्या माणसाला तिळावरचा काटा दिसतो त्याला हे दिसू नये, याचा जास्त. पण भाडेकरूनं काय बोलायचं, म्हणून मी मटार सोलायला घेतले.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र गोष्ट गळ्याशी आली. मुलीला दहा महिन्यांचा मुलगा होता आणि त्याचं पहिलं बोरन्हाण यायचं होतं. तिनं काकूंना फोन केला होता: "बाबांना सांग, त्याला दागिने करा म्हणावं. मी माझ्यासाठी कधी मागितले नाहीत, त्याच्यासाठी एकदाच मागते. नसतील होणार तर बाजारातून आणीन आणि परत हा विषय काढणार नाही."

"तुम्ही सांगितलं काकांना?"

"सांगितलं. 'बघू' म्हणाले."

काकूंचा चेहरा बघवत नव्हता. त्या दिवसापासून त्या दागिने ओवताना सारख्या काकांच्या परातीकडे बघायच्या. तान्ह्या मुलाच्या दागिन्यांना बारीक, खसखशीवरचा हलवा लागतो. काका रोज तीळच घ्यायचे. एका नवरीचा संच झाला, दुसरीचा झाला. मध्येच आभाळ भरून आलं, हवा दमट झाली आणि दोन दिवस काट्यांनी मान टाकली. काका नुसते खिडकीशी उभे राहायचे. संक्रांत जवळ येत होती आणि खसखशीची पुडी फडताळात तशीच होती.

आभाळ निवळलं, थंडी परत आली, परात चढली. मी वाचत होते. पान दोनशे चौदा आलं.

"पुरे," काका म्हणाले. "उद्या पहिल्यापासून."

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले.

"ऐकू आलं नाही का आपल्याला?"

"आलं," मी म्हटलं आणि वाचत राहिले.

पुढच्या पानावर पहाटे कसला तरी आवाज होतो. खलाशांना वाटतं तोफ उडाली. बाहेर येऊन बघतात तर बर्फाला तडा गेलेला असतो आणि जहाज वीतभर सरकलेलं असतं. एक म्हातारा खलाशी डेकवर बसून लहान मुलासारखा रडायला लागतो. एवढं वाचलं आणि जळक्या साखरेचा वास आला. मी मान वर केली. काकांचा हात परातीत तसाच थांबलेला होता. तीन दिवसांच्या मेहनतीचा एक तपकिरी गोळा झाला होता.

इतके हिवाळे गेले, पण काकांच्या हातून घाणा जळलेला काकूंनीही पाहिला नव्हता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी गॅस बंद केला. तो गोळा चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघितला.

"नापास," ते म्हणाले. मग गोळ्याचा एक तुकडा मोडून त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. नापास माल त्यांनी खाल्लेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "पुढचं पान वाचा. परात रिकामीच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी भिंतीला विचारल्यासारखं विचारलं, "दहा महिन्यांच्या मुलाचं डोकं केवढं असतं?"

काकू उठल्या. देव्हाऱ्याच्या खणातून त्यांनी एक पांढरा दोरा आणला, त्याला गाठी मारलेल्या होत्या. "ही डोक्याची. ही मनगटाची. ही कमरेची."

"माप कधी घेतलंस?"

"बारशाला."

"बारशाचं माप आज कसं चालेल? मूल वाढत नाही का?"

"म्हणून तर दर महिन्याला नवं घेते."

काकांनी कप खाली ठेवला. "दर महिन्याला तू भजनी मंडळात जातेस."

"जाते ना."

"म्हणजे भजनी मंडळ हिंजवडीला असतं तर."

"असतं," काकू म्हणाल्या आणि फडताळातून खसखशीची पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

पुढचे दिवस त्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला मी काम म्हणणार नाही. काकांनी मोत्यापेक्षा बारीक हलवा केला. मुकुट, बासरी, हार, मनगट्या, कंबरपट्टा. ज्या काट्यांसाठी त्यांनी पंख्याची पाती उतरवली होती तेच काटे मुलाला टोचतील म्हणून ते रात्रंदिवस अस्वस्थ. शेवटी स्वतःचं एक जुनं मऊ धोतर फाडून त्यांनी प्रत्येक दागिन्याला आतून अस्तर लावलं, गालावर घासून बघितलं, परत शिवलं. मी वाचत होते, जहाज खुल्या पाण्यात आलं होतं. काकूंनी गाजराचा हलवा केला तो तीन दिवस कुणी खाल्लाच नाही.

डबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. "आपण कंपनीच्या बसनं तिकडेच जाता," काका म्हणाले. दोन डबे होते, एकावर एक, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले. खालचा त्यांनी स्वतःच बांधला होता, काकूंनाही हात लावू दिला नव्हता. "वर-खाली करू नये. मांडीवर धरून बसावं. शेजारच्याला टेकू देऊ नये." हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास मी ते डबे मांडीवर धरून बसले. शेजारची मुलगी जरा कलंडली की मी डोळे वटारायची.

दार काकांच्या मुलीनं, ताईंनीच उघडलं. कडेवर मुलगा. त्यांना पाहिलं आणि मला काकांचीच नजर दिसली, डब्याच्या गाठीपासून माझ्या चपलांपर्यंत सगळं तपासणारी. वरचा डबा उघडला. मुकुट बघून त्यांनी आतलं अस्तर बोटानं चाचपलं. तेवढ्यात मुलानं बासरी उचलून तोंडात घातली आणि तिचं टोक चावून टाकलं. त्या हसल्या. "घ्या, झाली तपासणी."

मग खालचा डबा. "यात काय आहे?"

"मला नाही माहीत, ताई."

आत नवरीचा पूर्ण संच होता. मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, नथ, सगळं. पण हलवा पांढरा नव्हता. तो जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळा पडला होता आणि काटे बोथट झाले होते. ताईंनी एक दाणा खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"हा यंदाचा नाही," त्या म्हणाल्या. "इतका पिवळा पडायला वर्षं लागतात. हे त्याच हिवाळ्यात केलं होतं त्यांनी. करून ठेवून दिलं होतं."

तळाशी चिठ्ठी होती. ती वाचून त्यांनी माझ्या हातात दिली, कारण त्यांना पुढे दिसत नव्हतं. "तपासले. दोष: उशीर, चार वर्षं. स्वीकारायचं की नाकारायचं, ते घेणाऱ्यानं ठरवावं." खाली नेहमीची सही.

मीही रडले. मला लाज वाटत नाही सांगायला. मुलगा मात्र आम्हा दोघींकडे बघत बासरी खात होता.

थोड्या वेळानं ताईंनी नाक पुसलं, पेन मागितलं आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला भराभरा काहीतरी लिहिलं. "हे त्यांना दे. आणि सांग, या वेळी बावीस प्रश्न जावई विचारणार आहेत."

संध्याकाळी काका दारातच उभे होते. मी किती वाजता येते ते त्यांना माहीत होतं, तरी ते केव्हापासून उभे असावेत. मी चिठ्ठी आणि निरोप, दोन्ही दिलं. त्यांनी आधी स्वतःचं अक्षर वाचलं, मग चिठ्ठी उलटून भिंग लावलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठात माखलेले, पुढे यायचा धीर होत नव्हता.

"मोठ्यानं वाचा की हो," शेवटी त्याच म्हणाल्या.

काकांनी चिठ्ठी माझ्याकडे दिली. वाचायचं काम माझंच होतं. मी वाचलं: "दोष मान्य. संच स्वीकारला. फेरतपासणीसाठी रविवारी संध्याकाळी पाच वाजता आईसह समक्ष हजर राहावे."

"अक्षर अजून तसंच आहे," काका म्हणाले. "घाईचं."

त्यांनी भिंग शर्टाला पुसलं, परत पुसलं, खिशात ठेवलं.

"रविवारी हिंजवडीला किती वेळ लागतो?"

"रविवारी तासाभरात पोचतो, काका."

"मग आपण दोनला निघू," ते काकूंकडे वळून म्हणाले. "परत उशीर नको."